पहिलं पाणी

गोरक्षनाथचा दिवस पहाटे चारला सुरू होई. केडगावात, पाण्याच्या टाकीच्या उताराला, रस्त्यातल्या खड्ड्यात त्याचा व्हॉल्व्ह. लोखंडी झाकण पहारीनं उचलायचं. आतल्या गाळात खांद्यापर्यंत हात घालून व्हॉल्व्हचं डोकं चाचपायचं, त्यावर छातीएवढी चावी बसवायची आणि अंगाचा भार देऊन फिरवायची. सावकाश. घाई केली की पाइप फुटतो. हे काम हातानं होत नाही, पाठीनं होतं. ठेकेदाराच्या पगारावर गोरक्षनाथनं ते अर्धं आयुष्य केलं.

त्याची एक सवय मात्र लोकांच्या डोळ्यांत सलायची. पाण्याची पाळी चार-पाच दिवसांनी येई. तोवर पाइप रिकामा. खालच्या गल्लीत तो गटाराला चिकटून गेलेला, सांध्यात गळका. रिकाम्या पाइपात गटार शिरे. म्हणून गोरक्षनाथ गल्लीच्या टोकाचा कॉक उघडून पहिलं पाणी सोडून देई. स्वच्छ धार आली की कॉक बंद. सांधा बदला म्हणून ठेकेदाराला सांगून त्याची जीभ झिजली होती.

तो त्याच गल्लीत राहायचा. पहिलं पाणी निघून जाईपर्यंत वरच्या अंगाला काकासाहेबांची मोटार सुरू होई. त्यांचा जारच्या पाण्याचा धंदा. मोटार थेट नळाला लावलेली. ती लागली की खालच्या नळांची धार करंगळीएवढी.

"गोरख्या, घरच्यांला कोरडं ठिवून गटाराला पाजतो व्हय रं?" शेजारची भागूबाई दर पाळीला ओरडायची.

दिवाळीनंतर लेक दिपाली बाळंतपणाला आली. नवरा ऊसतोडीला गेलेला. सातवा महिना नसता, तर तीही कोयता घेऊन गेली असती. एका सकाळी गोरक्षनाथ कामावरून परतला, तर ती हापश्यावरून येत होती. डोक्यावर हंडा, एक हात पोटाखाली.

तो तसाच वळून काकासाहेबांकडं गेला.

"अर्धा तास मोटार उशिरा लावा, काकासाहेब. पोरगी जड हाय घरात."

"तुझी चावी तू फिरव, माझी मोटार मी फिरवीन," काकासाहेब दात कोरत म्हणाले. "तुझ्या पोरीच्या पोटाचा ठेका मी घेतलाय का?"

पुढच्या पाळीला गोरक्षनाथनं कॉक उघडला नाही.

मोटार लागायच्या आत सगळ्या गल्लीला पाणी मिळालं. हंडे, बादल्या, पिंप, पातेली भरली.

"आज माणसात आलास बाबा!" भागूबाई म्हणाली.

"दादा, एवढी वर्सं ह्ये पानी कुटं दडवलं हुतं?" दिपाली हसली. तोही हसला.

पाणी जरा पिवळट होतं. रंगुबाईनं, त्याच्या बायकोनं, त्यात तुरटी फिरवली. गाळ खाली बसला, वरचं पाणी माठात गेलं. पुढच्या पाळ्यांनाही त्यानं तेच केलं.

महिन्याभरानं गल्लीत कावीळ शिरली. भागूबाई पडली, उठली. आणखी चार-दोन जण पडले, उठले. दिपाली पडली ती उठली नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं पिता? ही कावीळ घाण पाण्यातून येते. पोटुशीला सोडत नाही."

"नळाचंच की," रंगुबाई म्हणाली.

मुलगा झाला, अपुऱ्या दिवसांचा. तो जगला. दिपाली शुद्धीवर आलीच नाही. आता तोंडात पाणी घाला, असं नर्स म्हणाली. रंगुबाईनं पिशवीतून घरून भरून आणलेली बाटली काढली. गोरक्षनाथनं ती हिसकावली आणि मोरीत ओतली.

"याड लागलं का वो?" रंगुबाई त्याच्या अंगावर धावली. "जाताना घोटभर तरी घालू द्या माझ्या लेकराला!"

नर्सनं दुसरं पाणी आणेपर्यंत लेक गेली होती.

दहावा झाला आणि तो कामावर गेला. चावी बसवली, व्हॉल्व्ह उघडला, मग गल्लीच्या टोकाला जाऊन कॉक उघडला. पिवळं पाणी गटारात पडू लागलं. नळ कोरडे बघून बाया बाहेर आल्या.

"पोरगी गेली, पर खोड गेली न्हाई मेल्याची!" भागूबाई म्हणाली.

दारात रंगुबाई नातवाला घेऊन उभी होती. तिनं कॉकाकडं पाहिलं, पिवळ्या धारेकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही.

धार स्वच्छ होईपर्यंत तो उभा राहिला. तोवर वर मोटार लागली.

पगार झाला. ठेकेदारानं दवाखान्यातले दिवस कापून घेतले होते. उरलेले पैसे घेऊन तो काकासाहेबांच्या दुकानात गेला. आत मोटार घरघरत होती.

"नातवाच्या दुधाला ना?" काकासाहेब म्हणाले. "जारचंच ने बाबा. नळाचा काय भरवसा?"

गोरक्षनाथनं पैसे दिले, जार खांद्यावर घेतला आणि खालच्या गल्लीकडं उतरू लागला.