कुरडयांवर बसवलेला डोळा

तुमचा यंत्रांवर विश्वास आहे का? असेल तर ठेवा बापडे. माझाही होता. मग एका मे महिन्यात मी आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर चोर पकडायचं यंत्र बसवलं, आणि दुर्दैव असं की ते चाललं! बसा, चहा होईपर्यंत सांगतो. सांगून सांगून कंटाळा आलाय, पण मी नाही सांगितलं तर आमची ही सांगते, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमच्या वृंदाचं लग्न ठरलं होतं. मी कचेरीतून महिन्याची रजा काढली. रजा म्हणजे विश्रांती, असा माझा त्या वयातही समज होता. पहिल्याच दिवशी हिने मला सोऱ्या फिरवायला बसवलं.

त्याचं असं की, माझ्या बहिणीने तिच्या मुलीच्या लग्नात रुखवतात कुरडयांचा मनोरा मांडला होता. पाहुणे मांडवात नवरानवरी सोडून तोच बघत होते. त्यामुळे आमचा मनोरा त्याहून वीतभर तरी उंच हवा, हे हिने ठरवून टाकलं. वृंदा म्हणाली, "आई, मला मनोऱ्याशी लग्न करायचं नाहीये." तिला कोण विचारतो? गहू भिजले, चीक निघाला, आणि तीन मजले चढून सगळं गच्चीवर वाळत पडलं.

दुसऱ्या दिवशी दोनतीन कुरडया गायब. उरलेल्या विस्कटलेल्या. कावळ्याचं काम, उघड होतं. मी म्हटलं, जाऊ दे. पण माझं हे "जाऊ दे" जिन्यात सावंताच्या कानावर पडलं.

सावंत म्हणजे आमचा वरच्या मजल्यावरचा शेजारी. विक्रोळीच्या एका कारखान्यात विजेच्या कामावर. उत्साह इतका, की त्याच्याकडे नुसतं बघून मला दमायला व्हायचं. त्याच्या भावाने मस्कतहून त्याला घराबाहेर लावायचं चोर पकडणारं यंत्र आणून दिलं होतं. सावंताच्या दोन खोल्यांत माणसं इतकी, की चोर आला असता तर त्यालाच उभं राहायला जागा नव्हती. यंत्र कपाटावर पडून होतं.

"वैद्य, यार, लावून टाकू गच्चीवर! झकास काम होईल!"

"सावंता, कुरडया आहेत त्या. बँक नाही."

"अरे, वहिनींचा मनोरा आहे ना? मग?"

आता 'वहिनी' म्हटल्यावर ही दारात आलीच. संपलं.

यंत्र म्हणजे एक पांढरी डबी, पुढे दुधाळ काच. अंगाची ऊब समोरून हलली की तिला कळायचं आणि ती घंटा वाजवायची. सोबत इंग्रजीत एक पुस्तिका होती. ती कोण वाचणार? अर्थात मी. कारकुनाच्या हातात नियम दिले की त्याला आपण मालक झाल्यासारखं वाटतं. टाकीच्या भिंतीवर डबी, जिन्यात घंटा, गच्चीच्या दाराशी घंटेचं बटण. सगळं माझ्या देखरेखीखाली बसवलं.

आणि मग सुरू झाला छळ!

दोरीवरचं उन्हात तापलेलं लुगडं हललं, घंटा! घार उतरली, घंटा! दर वेळी अख्खी इमारत काठ्या घेऊन तीन मजले वर. वर कोण? लुगडं. मी यंत्राची नजर कमी केली. तर भर दुपारी ते ठार आंधळं! सावंताने समोर उभं राहून गणपतीतला नाच केला, तरी हूं की चूं नाही. पुस्तिका म्हणत होती की आजूबाजूचं सगळं अंगाइतकंच तापलं की यंत्राला माणूस ओळखू येत नाही. त्या गच्चीवर उभं राहून मलाही माणूस आणि फरशी यांत फरक वाटेनासा झाला होता.

तेव्हा जुळवणी आली. सकाळी ऊन चढायच्या आत एकदा, उन्हं कलल्यावर एकदा. डबीच्या आतला स्क्रू किंचित फिरवायचा, तोंड जरासं खाली करायचं, आणि समोरून चालून बघायचं. सरळ चालत गेलं तर त्याला उशिरा कळतं, आडवं गेलं तर लगेच. म्हणून मी कुरडयांच्या बाजूने आडवा येरझाऱ्या घालायचो. इमारतीला त्रास नको म्हणून तेवढ्यापुरतं घंटेचं बटण बंद ठेवायचो. डबीवर एक बारीक लाल दिवा होता, हालचाल दिसली की तो लागायचा, तेवढा मला पुरे. आठवडाभरात माझा हात असा बसला, की चालणं सोडाच, जवळ उभं राहून नुसता हात वर नेला तरी दिवा लागायचा!

"काय बारीक नजर आहे हो याची," मी कौतुकाने हिला सांगितलं.

"असेल," ही म्हणाली. "पण कुरडया कमी होतायत."

"कावळे!"

"अहो, कावळा कुरडई नेईल. पण नेल्यावर बाजूच्या सरकवून मोकळी जागा भरून काढेल का?"

मी गार झालो. म्हणजे चोर माणूस होता! आणि इमारतीतला! घंटा मात्र एकदाही चोरीच्या वेळी वाजली नव्हती. बंदोबस्त जितका पक्का होत होता, तितका मनोरा बुटका होत होता. चीक पुन्हा करायला गहू भिजायचे तीन दिवस, आणि लग्न आलं होतं तोंडावर. ही रडवेली झाली. माझ्या बहिणीचं तर पत्र येऊन पडलं होतं, की वहिनी, मनोरा बघायला चार दिवस आधीच येते.

आता संशय कोणाचा? गच्चीच्या दाराखालच्या पायरीवर दिवसभर सावंताची म्हातारी आई वाऱ्याला बसायची. मी काही बोललो नाही हो! फक्त म्हटलं, "काय आजी, इथूनच कोणी जातं-येतं का वर?" पण म्हातारी मालवणची. तिला सवालाच्या आतला सवाल ऐकू आला.

"माका इचारतंस? अरे वैद्या, माज्या तोंडात दात खय आसत? कुरडय चावतलंय कशान?"

"नाही, तसं नाही. पण अर्धवट वाळलेली असली की मऊ असते ना. दात लागत नाहीत. बाहेरून जरा कडक आणि आत लुसलुशीत."

म्हातारी पायरीवरून पुढे झुकली.

"तुका कसा म्हायत?"

"सामान्य ज्ञान आहे, आजी."

"आसात बाबा," ती म्हणाली आणि उठून खाली आमच्या घरी गेली. हिच्याकडे माझी तक्रार करायला गेली असणार, असं मी धरून चाललो. त्या दिवशी सावंतही आमच्याकडे येऊन काहीतरी कुजबुजून गेला. मला वाटलं, आईचा अपमान झाला म्हणून भांडायला आला असेल. म्हटलं, भांडू दे. मी फार दमलो होतो.

हिने भिजवून ठेवलेल्या गव्हाचा शेवटचा घाणा घातला. रुखवताचा म्हणून गुलाबी रंगाचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कांदिवलीहून आमचे व्याही मांडवाचं बोलायला आले. हिने चहा टाकला. मी म्हटलं, चहा होईपर्यंत वर जाऊन जुळवणी करून येतो. ही म्हणाली, "या की. सावकाश या." इतकं गोड बोलल्यावर तरी मला कळायला हवं होतं!

वर गेलो. बटण बंद केलं. तिच्या नजरेबाहेरून, भिंतीच्या कडेने डबीपाशी गेलो आणि तिचं तोंड केसभर वळवलं. उभा राहिलो आणि दिव्याकडे टक लावली.

घंटा वाजली.

घंटा! बटण बंद असताना! एवढं मोठं कोडं समोर, पण मला आनंदच असा झाला की विचारूच नका. इतक्या दिवसांच्या येरझाऱ्या फळाला आल्या! यंत्राने चोर धरला! मी दाराकडे धावलो, दोन्ही हात पसरून वाट अडवली आणि जिन्यात ओरडलो, "या, या! सापडला! सोडू नका!"

निदान ओरडायला गेलो. तोंडातून आवाज नीट फुटेना.

इमारत वर आली. पुढे सावंत, मागे ही, वृंदा, म्हातारी, आणि सगळ्यांच्या मागे हातात चहाचा कप घेऊन आमचे व्याही. गच्चीवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. टाकीमागे पाहिलं. मग सगळे माझ्या उजव्या हाताकडे बघतायत हे लक्षात आलं. त्या हातात अर्धी गुलाबी कुरडई होती.

"वैद्य," सावंत हळूच म्हणाला, "बटण नुसतं दिखाऊ ठेवलंय रे. वहिनींनी काल सांगितलं, म्हणून आज दुपारीच तारा सरळ जोडून टाकल्या."

"मी? मी खाल्ल्या?" मी म्हटलं. खरं सांगतो, मला पत्ताच नव्हता! लक्ष सगळं दिव्याकडे. डोकं यंत्रात, आणि हात आपला त्याच्या कामाला लागलेला. ते बिचारं यंत्र माझ्या प्रत्येक घासाला लाल दिवा लावून मला चोर दाखवत होतं, आणि मी त्याची बारीक नजर वाखाणत होतो.

"बाबा, जीभ दाखवा," वृंदा म्हणाली. दाखवली नाही. गरज नव्हती. म्हातारी म्हणाली, "गुलाबी दिसता हां व्हटांवर. शोभता."

डबी सावंताच्या कपाटावर परत गेली. राखणीला कुरडयांजवळ म्हातारी बसली आणि पुढे एकही कुरडई हलली नाही. मनोरा झाला, पण माझ्या बहिणीच्या मनोऱ्याहून वीतभर बुटका. बहिणीने तो डोळे भरून पाहिला आणि लग्नभर माझ्याशी फार प्रेमाने वागली.

व्याही तसे अबोल. त्या संध्याकाळी कप खाली ठेवून काही न बोलता गेले. मला वाटलं, थोर माणूस, विसरले. आता मी निवृत्त झालो, वृंदाची मुलं शाळेत जायला लागली. अजूनही मी कांदिवलीला जेवायला गेलो, की विहीणबाई तळलेली कुरडई पहिली माझ्या पानात वाढतात. मी हात पुढे करतो. आणि व्याही शांतपणे उठून देवघरातली घंटा वाजवतात.