सासूच्या नाकावरचा चष्मा

लग्न होऊन मेडशीला आले त्या वर्षी मी एका चष्मेवाल्याच्या पाया पडले. भक्तीनं नव्हे, मूर्खपणानं. मला लांबचं दिसत नव्हतं, आणि लग्न ठरताना आम्ही ते शिताफीनं लपवलं होतं. ‘आंधळी गळ्यात बांधली’ म्हणत माहेरी धाडतील, या धास्तीनं मी दारात पांढरं काही हललं की सासरे समजून वाकायचे. त्या दिवशीही वाकले. ते पांढरं चटकन मागं सरलं आणि हळूच म्हणालं, “मी तं चष्मेवाला आहो, सूनबाई. तुमचे मामाजी मांगून येऊन राह्यले.”

झालं. आता हा सांगणार आणि माझं गाठोडं बांधलं जाणार. मी खांबाआड सरकले आणि कान टवकारले.

हा माणूस पूर्वी एका घड्याळजीकडं काचा पुसायचा. आता पत्र्याच्या पेटीत चष्मे घेऊन एसटीनं गावोगावचे बाजार करायचा. घेणारे सगळे म्हातारे पुरुष. बाईनं चष्मा लावणं म्हणजे मिरवणं, आणि सुनेनं लावला तर मग बघायलाच नको.

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंपुढं बसकण मारली.

“माय, या सुईत दोरा ओवा बरं.”

“मी कायले ओवू? सून हाय ना.”

“सून माहेरी गेली तं गोधडी तशीच ठेवसान काय?”

सासूबाईंनी चष्मा चढवला आणि दोरा एका फटक्यात आरपार. मग तो नाकावरून उतरेना. जवळचा चष्मा लावून त्या विहिरीवर जायच्या. समोरचं धूसर दिसायचं, पण रुबाब दिसायचा. बघता बघता गल्लीतल्या सगळ्या सासवा चष्मेवाल्याची वाट पाहू लागल्या.

पुढच्या खेपेला सासूबाईच त्याला म्हणाल्या, “आमच्या सुनेचेही डोळे पाह्य बाप्पा. दारातलं माणूस जवळ आल्याबिगर वळखतच नाही.”

“असं काय?” त्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. “तुमी म्हणता तं पाहतो.”

त्यानं अकोल्याहून काचा बसवून आणल्या. चष्मा आता आमच्या घरची शान होता, त्यामुळे माहेरचा उद्धार झाला नाही. मी पहिल्यांदाच नवऱ्याला लांबून येताना पाहिलं. लांबूनही तो तसाच होता. जरा निराशाच झाली.

चष्मेवाला मात्र थांबला नाही. अकोल्याच्या खेपांत दिवस मोडतात म्हणून स्वतः काचा घासायला शिकला. पेटीची टपरी झाली, टपरीचं जवळच्या मालेगावात दुकान झालं. तिथं अक्षरांच्या तक्त्याशेजारी सुई-दोरा टांगलेला असे. वाचता येतं का, हे तो कुठल्याच बाईला विचारत नसे.

दुकान उघडलं त्या दिवशी आम्ही सासू-सुना चष्मे लावून गेलो. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत दारात उभा होता. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत पुढं झाले आणि वाकले, या खेपेला नीट पाहून. तो तसाच चटकन मागं सरला आणि हळूच म्हणाला,

“काय सूनबाई, नंबर वाढला काय?”