फरशीवरची नदी

"वाट कथाईन शे, माय?"

नाना आमच्या दारात उभे राहून असं विचारायचे. मला नाही, माझ्या साडेतीन वर्षांच्या मनूला. वाट कुठून आहे, हे तिने सांगितल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. आत सगळ्या खोलीभर डाळीचे डबे, उशा, चमचे, माझ्या साड्या. मनू कमरेवर हात ठेवून सांगायची, "इकडून नका येऊ, नदी आहे. सोफ्याच्या मागून या."

नदी म्हणजे माझी निळी ओढणी. आणि खुब्यात लोखंड बसवलेला हा म्हातारा माणूस, एका हाताने काठी नि दुसऱ्या हाताने भिंत धरून, त्या ओढणीला वळसा घालून सोफ्यामागून यायचा. खुर्चीत टेकला की धापा टाकायचा. मी मात्र लाटणं हातात घेऊन सरळ नदीतून चालत जायची. मनू किंचाळायची, "आई बुडाली!"

"बुडू दे," नाना म्हणायचे. "तिले पोहता येस."

धुळ्याला देवपुरात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. नवरा वरणगावला नोकरीला, शनिवारी येतो नि रविवारी परत जातो. मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजच्या पायऱ्या चढलं नव्हतं, हे मी कोणालाही सांगते, तुम्हालाही सांगते. पदवी फ्रेम करून दिवाणखान्यात लावलीय. तिच्याखाली मी दिवसातून कितीदा तरी डबे उचलते. मनूला सांभाळायला कोणी नाही, म्हणून नोकरी नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. तिथेही एक बाई काहीतरी उचलत असते.

माझ्या माहेरी, साक्रीकडे, घरात फरशी नव्हती. शेणाने सारवलेल्या एका खोलीत आम्ही सहा जणं, आणि कोणत्याही वस्तूला जागा म्हणून नव्हती. म्हणून मला ही पांढरी फरशी पांढरीच लागते. मनूचा पसारा दिसला की मागे ओढत नेतंय कोणीतरी असं वाटायचं.

नाना आमच्याच मजल्यावर, समोरच्या घरातले. त्यांचा मुलगा आणि सून दोघं नोकरीला. नाना गावी एकटेच राहायचे. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलाने त्यांना इकडे आणलं. एकदा ते कोणाला न सांगता जिना उतरायला गेले आणि चौथ्या पायरीवर पडले. लागलं नाही फार. पण त्या दिवसापासून मुलगा जाताना बाहेरून कुलूप लावायला लागला. किल्ली माझ्याकडे. सून म्हणाली होती, "ताई, अकराला उघडा, बसू द्या तुमच्याकडे. फक्त जिन्याकडे जाऊ देऊ नका. तुमच्या भरवशावर सोडून जाते."

चांगली माणसं होती, उगाच तुमचा गैरसमज नको. तुमच्याही इमारतीत अशी कुलपं असतील, प्रेमाने लावलेली. पण रोज अकराला मी ती किल्ली फिरवायची, आणि आत खुर्चीत काठी मांडीवर घेऊन तयार बसलेले नाना दिसायचे, तेव्हा मला माझीच खोली समोर उघडल्यासारखी वाटायची. त्यांच्याकडे सोफ्यावर प्लॅस्टिक, शोकेसला काच, टेबलावर काही नाही.

मी एकदा म्हटलं, "नाना, तुमच्याकडे किती छान आवरलेलं असतं. आमच्याकडे बघा."

"आमना घरमा बठ्ठं जागावर शे," नाना म्हणाले. "मीच एकला जागावर नही."

आमच्याकडे मात्र त्यांना कामं असायची. मनूने तांदळात बोटं फिरवून शेत केलं की नाना बांध घालून द्यायचे. उशांचा डोंगर झाला की त्यावर कोणती गुरं चरतात ते सांगायचे. मी सुपली घेऊन आले की ते काठी आडवी धरायचे. "थांब ताई. पेरेल शे. चार दिन तरी राहू दे." चार दिवस तांदूळ फरशीवर! मी चार मिनिटं ठेवायची नाही. पण हळूहळू आधी अर्धा तास, मग दुपारभर असं करत पसारा माझ्या घरात बस्तान बसवायला लागला. घरात अहिराणी बोलायची नाही, हा माझाच नियम. तोही त्यात कुठे गडप झाला, कळलं नाही. मनू आता दुधाला दूध म्हणायची, पण मागताना "मला" सोडून "माले" म्हणायची.

श्रावण लागला तसे नाना गप्प झाले. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, माहीत असेलच. नारळाला देवी करून नटवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर बोळवतात. गव्हाचे रोट, जाड पोळ्या, करतात. त्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि रोट घरच्यांनी, भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. नानांना गावी जायचं होतं. मुलगा म्हणाला, "नाना, तीन मजले उतराल कसे? पुढच्या वर्षी बघू."

"मन्ही मूठ तठे पडी," नाना मला म्हणाले, "आनि मी आठे बठेल. मरेल मानूसनी मूठ घेतस नहीत, ताई. मन्ही घेतीन. खाई कोन?"

मूठ त्यांची गावात, ते इथे तिसऱ्या मजल्यावर. मी चहा टाकला. मनू डब्यांशी खेळत होती. ती ऐकत असेल असं मनातही आलं नाही.

गुरुवारी मी कपडे वाळत घालून आत आले आणि दारातच थांबले. कणकेचा डबा पालथा. सोफा पांढरा, टीव्ही पांढरा, मनूच्या पापण्या पांढऱ्या. मधोमध माझी लग्नातली साडी पसरलेली, तिच्यावर माझी पदवी, फ्रेमसकट, आडवी. आणि पदवीवर नारळ. कुंकवाचे डोळे, माझी नथ, गळ्यात बांगड्या. समोर पाणी ओतून केलेला कणकेचा चिखल, तो रोट.

"कानबाई बसली," मनू म्हणाली. "नाना, तुमची मूठ टाकली मी. खूप टाकली."

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. पण नाना खुर्चीतून उठून उभे राहिले होते, आणि त्यांनी टोपी नीट केली. नारळाला हात जोडले. मग फ्रेमकडे बघून म्हणाले, "पाट भारी शे, ताई. आसा पाट आमना गावमा कोनाकडे नही."

मला हसू फुटलं. हसता हसता रडूही आलं असावं, कारण कणीक गालावर चिकटली. मी नारळ उचलायला वाकले. संध्याकाळी चटणी करायची होती.

"हात लावू नको!" नानांचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा चढलेला ऐकला. "बसाडी ना? मंग नदीवर लई जानी पडी. बसाडेल कानबाई कोनी फोडस का?"

त्यांचं खरं होतं. मी कितीही शिकलेली असले तरी नथ घातलेला तो नारळ फोडायला माझाही हात धजला नसता. मी म्हटलं, "बरं. उद्या सकाळी नेऊन बोळवते."

"आत्ताच सकाळ झाली," मनू म्हणाली.

"व्हयनी सकाय," नाना म्हणाले आणि काठी घेतली. "चाला."

मी जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले. किल्ली कमरेला होती, भरवसाही तिच्यासोबतच अडकवलेला. पडले तर? मी काय तोंड दाखवणार?  नाना रोज अकराला दार उघडल्यावर बघायचे तसे बघत राहिले. मी बाजूला झाले.

मनू पुढे, डोक्यावर टॉवेलची चुंबळ, तिच्यावर दोन्ही हातांनी धरलेली कानबाई. नाना पहिल्या पायरीवर खाली बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरू लागले, लहान मूल उतरतं तसे. मी काठी आणि प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन त्यांच्या पुढे उलटी उतरत होते. मजला आला की खुर्ची मांडायची, नाना बसायचे, कानबाईही टेकायची.

"नाना, मधून नको, खोल आहे," मनू खालून ओरडायची. "भिंतीकडून वाट आहे!"

"उनू, माय, उनू," आलो आलो करत नाना भिंतीकडे सरकायचे.

एका वळणावर त्यांची टाच सुटली. "नाना, धरा! पाय सरकी राहिना!" मी ओरडले, चक्क अहिराणीत, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं. नानांनी कठडा धरला आणि दम खात हसले. "हाई कॉलेजमा शिकाडतस का?"

खाली पार्किंगच्या कडेला निंबाचं झाड आहे, त्याच्या आळ्यात सोसायटीचा नळ गळतो. मनूने हात केला, "ही नदी." नाना म्हणाले, "हाईच पांझरा." कानबाई बोळवली. मग नानांनी चपला काढल्या आणि दोन्ही पाय त्या आळ्यातल्या ओल्या मातीत ठेवले. बोटं हलवून बघितली. चिखल बोटांमधून वर आला, तो ते बघत बसले.

"चला नाना, वर जाऊ."

"आते वर नही."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा ते तिथेच, खुर्चीत, पायांवर चिखल वाळलेला. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले. "तू म्हने, उतरशात कसा? दख. उतरी उनू."

मुलाने हेल्मेट गाडीला अडकवलं. मग वर गेला आणि वडिलांची पिशवी घेऊन खाली आला. "गावी नेतो, चार दिवसांसाठी," तो मला म्हणाला, जणू मी विचारलं होतं.

पुढच्या आठवड्यात मुलगा आणि सून परत आले. नाना आले नाहीत. पुतण्याचं घर बैठं आहे, तिथेच राहिले.

सून एक फडकं घेऊन आमच्या दारात आली. आत रोट. मी मागे सरले, म्हटलं, "हा बाहेर देत नाहीत ना?"

"मनूच्या नावाने मूठ घेतली नानांनी," ती म्हणाली. "सगळे भाऊबंद चिडले. पोरीची मूठ कधी घेतात का, नि ती आपली कोण? नाना म्हणाले, मन्ही वाट तिनी काढी."

ती किल्ली अजून माझ्याकडेच खिळ्याला आहे. कोणी परत मागितली नाही. अकरा वाजले की नजर तिकडे जाते. मी तिसऱ्या मजल्यावरच आहे, समोरची बाई तिच्या खिडकीत उचलतेच आहे.

त्या दिवशी रोट दुधात कुस्करून वाटी घेऊन मी मनूकडे निघाले.

"तिकडून नको, आई. नदी आहे."

मी थांबले. वाटी सांभाळत भिंतीला धरलं, आणि सोफ्यामागून गेले.