दुखस का?

माझं डावं पाऊल लटकलं ते भुईमुगाच्या निंदणीत. प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीच्या अंगाला आमचं शेत. बायका ओळीनं उकिडव्या बसून तण काढायच्या. मी नवी सून, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तेव्हा कंबर मोडली तरी चालेल पण सगळ्यांच्या आधी उठायचं नाही, ही माझीच मिजास. चार दिवस ओळीत पहिली राहिले. पाचव्या दिवशी उभी राहिले तर पंजा वर होईना. पाऊल आपलं लोंबतंय, आणि चालताना जोडवी जमिनीवर खरखर घासत येताहेत!

पहिल्यांदा सगळे हसले. मग एकदा चुलीतला निखारा माझ्या त्याच पावलावर पडला आणि मला पत्ताच नाही. सासूनं चिमट्यानं उचलला तेव्हा खाली फोड आलेला. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. महारोग हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. माझं ताट तेवढं वेगळं झालं आणि रांजणाला हात लावायचा नाही असं ठरलं. सासू वाईट नव्हती, भ्यायली होती, हे आज म्हणते. तेव्हा मनातल्या मनात तिला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर मिशनचा एक दवाखाना होता. तिथं दाखवायचं ठरलं. डॉक्टर ‘तो रोग नाही’ म्हणाला तर घरी परत. ‘आहे’ म्हणाला तर तिथूनच परभारे माहेरी, कायमची. म्हणून माझं गाठोडं बांधूनच दिलं. नवरा गाडीपर्यंत आला आणि बैलाच्याच पाठीवर हात फिरवत उभा राहिला. असा राग आला मला! बैल काय माहेरी चालला होता?

नेलं मला सासऱ्यांनी. आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नसे, आणि तेही सुनेशी बोलत नसत. पाणी हवं असलं तर ते भिंतीकडे बघून खाकरायचे. नंदुरबारपर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, आणि एवढ्या वाटेत आमच्यात झालं ते बोलणं म्हणजे त्यांचं दोनदा खाकरणं.

डॉक्टर गोरा होता आणि मराठी पुस्तकातून शिकलेला. त्यानं आधी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय असा टुणकन उडाला की सासऱ्यांना लाथ बसते की काय, म्हणून माझाच जीव दडपला. मग त्यानं टाचणी काढली, पावलाला टोचली आणि म्हणाला, “बाई, आपणांस वेदना होते काय?”

मला वाटलं काहीतरी मंत्रच म्हणतोय. शेजारी नवापूरकडची एक नर्सबाई उभी होती. ती म्हणाली, “दुखस का?”

मी म्हटलं, “नई.”

आता यात माझी काय चूक? सासरी दुखतं का विचारलं तर नाही म्हणायचं, एवढंच आईनं शिकवून पाठवलेलं. त्यात समोर बाकावर सासरे बसलेले. डॉक्टरनं पोटरीला टोचलं. “दुखस का?” “नई.” चांगल्या पायाला टोचलं. “नई.” हातांना टोचलं. “नई!” कापूस वेचून बोटं सालटलेली आमची, बाभळीचे काटे दातानं काढणाऱ्या आम्ही, एवढ्याशा टाचणीला काय दुखायचं?

डॉक्टरचा चेहरा उतरत गेला. त्यानं कानामागं, कोपराशी चाचपून पाहिलं, नर्सबाईच्या कानात काही सांगितलं. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. आणि सासरे उठले, खाली वाकले आणि माझं गाठोडं उचलू लागले.

तेव्हा मी ओरडले. पदर कुठं गेला याचीही शुद्ध नव्हती. “थांबा! टोचस ते मालूम पडस ना माले! समदं मालूम पडस! तुम्ही दुखस का इचारं, म्हनीसन नई सांगं!”

सासऱ्यांच्या हातातून गाठोडं सुटलं. नर्सबाई तोंडावर हात धरून हसायला लागली, टोचलेलं हिला कळतं, फक्त दुखत नाही, असं तिनं डॉक्टरला समजावून सांगितलं, आणि तो कपाळावर हात मारून म्हणाला, “अपराध माझ्या प्रश्नाचा आहे!”

मग पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला डोळ्यांवर पदर, आणि जिथं टोचेल तिथं मी बोट ठेवायचं. हात, मांडी, तळवा, दुसरा पाय, एकही चुकले नाही मी! फक्त डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगापासून पावलाच्या पाठीपर्यंत एक पट्टा तेवढा बधिर निघाला.

शेवटी त्यानं एक लाकडी पेटी आणली. आत तारांचं गुंडाळं होतं आणि कळ दाबली की ते भुंग्यागत गुणगुणायचं. तारेच्या टोकाची, मिठाच्या पाण्यात भिजवलेली छोटी कापडी गादी त्यानं माझ्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला टेकवली. मुंग्यांचा लोंढा आला म्हणा ना, आणि माझं लोंबतं पाऊल ताडकन वर उठलं! मी उचललं नव्हतं, ते आपलं आपणच उठलं. मी रडले, हो, सगळ्यांदेखत रडले.

नर्सबाई म्हणाली, “तो रोग नई शे. नस मरेल नई शे, दबाई जायेल शे.” म्हणजे नस मेलेली नव्हती, नुसती दबलेली होती. डॉक्टर तर सुटाबुटासकट जमिनीवर उकिडवा बसला आणि ती नस गुडघ्याशी कशी चेपते ते दाखवू लागला. त्याला परत उठवायला दोघं लागले.

स्टेशनावर माझं गाठोडं सासऱ्यांनी खांद्यावर घेतलं. सुनेचं ओझं उचललेला सासरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

उकिडवं बसायची बंदी झाली, पंजा उचलून धरायला कातडी पट्टा आला. सासूनं ताट पुन्हा आपल्यात घेतलं, पण माझ्या हातचं पाणी पिईना. पेटीनं माझं पाऊल उचललेलं तिनं थोडंच पाहिलं होतं? पाऊल हळूहळू उचलू लागलं तरी तिचा डोळा त्या निखाऱ्याच्या डागावरच.

भुईमूग काढायच्या दिवसांत मी बांधावरून भाकरी घेऊन येत होते. बोरीची फांदी आडवी आली आणि तिचा काटा डाव्या पावलाच्या पाठीत रुतला, त्या बधिर पट्ट्यात. मी किंचाळले, “ओ माय वं!”

सासरे पलीकडे होते. ना खाकरले ना भिंत शोधली, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “दुखस का?”

“हां!” मी म्हटलं. “भलतं दुखस!”

म्हातारा रुमाल उडवत शेतभर ओरडत सुटला, “दुखस! वहूले दुखस!” बायका हातातली कामं टाकून उभ्या राहिल्या. सासू धावत आली, खाली बसली, माझं पाऊल मांडीवर घेऊन तिनं काटा काढला आणि जखमेवर पाणी ओतलं. मग तोच लोटा मला दिला. मी घटाघटा प्यायले. उरलेलं ती प्यायली.