काकांचं कमरेचं हाड

अख्ख्या दुबईत सगळ्यात जास्त संतापलेला माणूस आमच्या डोक्यावर राहत होता, असं मी म्हटलं तर आमच्या बिल्डिंगमधलं कोणीही हरकत घेणार नाही. इंटरनॅशनल सिटीत आमच्या फ्लॅटच्या बरोबर वर या काकांचं घर होतं. एसीच्या डक्टचा धंदा, मूळ गाव सांगली. त्यांचा संताप कधी स्वतःसाठी नसायचा, नियमासाठी असायचा. लिफ्टमध्ये पाटीवरच्या संख्येपेक्षा एक जण जास्त शिरला, की काका स्वतःच बाहेर पडायचे आणि त्या माणसाचा उद्धार करत जिना चढायचे. गणपती मंडळाच्या कॅरममध्ये कोणी खुर्ची जराशी सरकवली, तर आरती थांबायची पण काका थांबायचे नाहीत.

अशा माणसाला पिस्तुलाच्या स्पर्धांचा नाद लागावा, यात नवल नाही. इतके नियम दुसऱ्या कुठल्या खेळात मिळणार? शहराबाहेरच्या एका रेंजवर हे सामने व्हायचे. पिस्तूल क्लबचं, पट्टा आणि ते खोचायचं म्यान, म्हणजे होल्स्टर, मात्र स्वतःचं. पळत पळत कागदी लक्ष्यांवर नेम धरायचा. गोळी मधोमध लागली तर पाच गुण, कडेला गेली तर तीन किंवा एक, लक्ष्य हुकलं तर दहा वजा. मग एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे "आकड्यांना हिला न्या," असं वडिलांनी परस्पर सांगून टाकलं, आणि मी टॅब घेऊन गुण भरायला जाऊ लागले. मला तेव्हा पिस्तुलाच्या आवाजापेक्षा काकांच्या आवाजाची जास्त भीती वाटायची.

हा भागाकार काकांनी घरीही आणला. काकूंच्या पोळ्यांना ते गुण द्यायचे: गोल असेल तर पाच, नकाशा झाला तर तीन, करपली तर दहा वजा, आणि भागिले वेळ. एकदा काकूंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं. "तुम्ही लाटा, मी घड्याळ धरते." त्या दिवशी काकांचे गुण शून्याच्या खाली गेले आणि पिठाच्या दर्जाबद्दल त्यांनी तक्रार नोंदवली. त्यांची मुलगी फक्त म्हणाली, "पप्पा, प्लीज, नॉट अगेन."

काकांचा गट साध्या पिस्तुलांचा, पण त्याचे नियम कडक. मॅगझीनमध्ये पंधराच गोळ्या. एकदा त्यांच्याच खास दोस्ताने चुकून सोळा भरल्या, तर काकांनीच ओरडून सांगितलं. जो नियमात बसत नाही त्याला खुल्या गटात टाकतात, तिथे दुर्बिणी लावलेली पिस्तुलं असतात, म्हणजे संपलंच. दोस्ताने बरेच दिवस अबोला धरला. काका त्यावरही संतापले: "चूक याची, आणि रुसणार पण हाच?"

पण काकांना सगळ्यात छळायचा तो कमरेचा नियम. म्यान कमरेच्या हाडाच्या पुढे येता कामा नये. आता काकांच्या पोटाखाली ते हाड शोधणं हे सोपं काम नव्हतं. तपासणीला असलेले पेशावरचे खानभाई बोटाने चाचपायचे, काकांना गुदगुल्या व्हायच्या, आणि हसता हसता ते चिडायचे, "रूल हड्डी का है, पेट का नहीं!" शेवटी काकूंनी एकदा नीट चाचपून, बरोबर हाडावर, पट्ट्याला लाल दोऱ्याचा टाका घातला. म्यान टाक्याच्या मागे, विषय संपला. हळूहळू खानभाईही नुसता टाका बघून मान हलवू लागले.

इतक्या वर्षांत काकांना पदक एकही मिळालं नव्हतं. धंदा आवरून सांगलीला परत जायचं ठरलं, तेव्हा तिथल्या घरात त्यांनी भावाकडून आधीच एक खिळा ठोकून घेतला. शेवटच्या सामन्यासाठी गोड सोडलं, रात्रीचा भात सोडला. पोट उतरलं आणि काका खरंच पळू लागले. त्या शनिवारी सगळे टप्पे संपले तेव्हा टॅबवर त्यांचं नाव तिसरं होतं. मी ओरडलेच, "काका, तिसरे!"

काका हात कमरेवर ठेवून उभे होते. हसू आलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी बोटाने चाचपलं. पुन्हा चाचपलं. पोट उतरलं तसा पट्टा आवळला गेला होता, आणि पट्ट्याबरोबर लाल टाका पुढे सरकला होता. म्यान टाक्याच्या मागे, पण हाडाच्या चांगलं पुढे.

"खानभाई!" काका असे कडाडले की मला वाटलं, कोणाला लागलं. "ये देखो! चेक क्यों नहीं किया?"

"अंकल, हमने पास किया ना? खलास. मेडल लो, घर जाओ."

"खलास कैसे? आप हड्डी देखो, धागा क्यों देखते हो?"

"हबीबी, किसी को पता नहीं चला..."

"मुझे चला ना!"

मला रडू येईल इतका राग आला. मी पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला, "काका, जाऊ द्या ना! परत संधी नाही मिळणार तुम्हाला!" ते माझ्याकडे वळले. "तू कॉलेजात शिकतेस. माझं नाव खुल्या गटात टाक." आणि मी टाकलं. तिथे ते शेवटून पहिले आले. परतीच्या रस्त्यावर गाडीत काकू एवढंच म्हणाल्या, "तरी सांगत होते, थोडा भात खात जा."

मला अजूनही राग येतो. खानभाईंचा, काकांचा, त्या हाडाचा. परवा फोन केला तेव्हा काका सोसायटीच्या पाण्याच्या वेळेवरून संतापलेले होते. मी भीत भीत खिळ्याचं विचारलं. "दुधाची पिशवी अडकवतो," म्हणाले.

जाताना ते पट्टा मला देऊन गेले. मी आता नेम धरायला शिकते आहे. माझ्या कमरेवर तो लाल टाका थेट पोटावर येतो, काहीच उपयोगाचा नाही. मी हाड बोटाने शोधते. टाका मात्र उसवलेला नाही.