आमच्या घरचा चहा बंद झाला तेव्हा

माझ्या डोक्याकडं बघून तुम्ही काही विचारायच्या आधी मीच सांगून टाकतो. गणेशगुडीत हा किस्सा दुसऱ्या कुणाकडून ऐकलात तर तो तिखटमीठ लावून सांगेल. तिखटमिठाची गरज नाही हो, आहे तेवढाच मूर्खपणा पोटभर आहे.

आमचं घर म्हणजेच आमचं लॉज. पुढं ओसरी, मागं चार कौलारू खोल्या, हाकेच्या अंतरावर काळी नदी. राफ्टिंगला आलेले पाहुणे आमच्याकडं उतरतात आणि जाताना शांताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातच्या जेवणाचं कौतुक करतात. माझं कुणी करत नाही. त्यात मागच्या खोल्या गळतात. शनिवारी बेळगावचे अठरा शिक्षक यायचे होते, आणि त्यांच्या पैशांतून पावसाआधी छप्पर करायचं होतं. एवढी एकच आशा. म्हटलं, धंदा नीट शिकून घेऊ. दांडेलीला लॉजवाल्यांचं ट्रेनिंग होतं, गेलो.

तिथल्या सरांनी फळ्यावर मधोमध रेघ मारली. म्हणाले, धंद्यातले खर्च दोन जातींचे. एक आपल्या हातातले, दुसरे हाताबाहेरचे. हाताबाहेरच्यांसाठी रडायचं नाही आणि हातातल्यांना सोडायचं नाही. ऐकून वाटलं, अरे, मी जन्मभर सरसकट सगळ्यासाठीच रडत आलो की.

घरी आलो आणि ओसरीच्या भिंतीवर कोळशानं तशीच रेघ मारली. हाताबाहेर काय काय? पाऊस. धरणाचं पाणी. करंट. माकडं. आणि पाचवं नाव जरा बारीक अक्षरात लिहिलं: आबा.

आबा माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, लिहिता-वाचता येत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओळखतात. लाइनमन असो, जीपवाला असो, वाट चुकलेला गुराखी असो, आबा खुर्चीतून हाक मारणार, "ये रे, च्या घेऊन जा." सकाळपासून सांजेपर्यंत आमची किटली काही खाली उतरत नाही. पण नेमके त्याच आठवड्यात आबा खानापूरकडं अक्काकडं, माझ्या बहिणीकडं गेले होते. म्हटलं, आबा हाताबाहेर असतील, चहा तर हातातला आहे ना? बुधवारपासून फुकटचा चहा बंद.

"दारात आलेल्या माणसाला च्या न्हाई म्हणायचं?" शांता म्हणाली.

"खर्च हातातला हाय."

"मग तुमच्याच तोंडानं सांगा. माझ्याशी बोलू नका."

ती खरंच बोलायची थांबली. पण एकदा माणसाचे हात शिवशिवायला लागले की थांबतात का? ओसरीवरचा रेडिओ बंद केला. मग न्हाव्याचा खर्च डोळ्यांत आला. जुना वस्तरा काढला नि आरशापुढं बसलो. मिशी डावीकडं जरा जास्त उडाली, म्हणून उजवीकडं सारखी केली, मग परत डावीकडं. शेवटी मिशीच राहिली नाही. म्हटलं, आता डोक्यावरचे केस तरी कशाला ठेवायचे?

तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला नाही कळलं.

गुरुवारी बसू लाइनमन आला. हा मूळचा कन्नड माणूस, आबांच्या चहावर मराठी शिकला. सवयीनं ओसरीवर टेकला.

"अण्णा, च्या?"

"ह्या घरात च्या बंद हाय आता, बसू."

त्यानं माझ्या चकोट डोक्याकडं पाहिलं. आबांच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. आत शांता पाहुण्यांसाठी मिरच्या कुटत होती, ती डोळे पुसत दारात आली आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता आत गेली.

"आबा अक्काकडं होते न्हवं?" बसूनं हळूच विचारलं.

"व्हय, तिकडंच."

बसू ओसरीवरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आपल्या हातात काय असतंय, अण्णा."

मी खूश. "अगदी बरोबर. जे हातात न्हाई त्याला रडायचं न्हाई. आबांचं नाव तर मी भिंतीवर लिवून टाकलंय, बघ."

बसूच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ट्रेनिंग त्याच्याही मनाला भिडलं.

आता सुतकाच्या घरी चहा ठेवत नाहीत, आलेला माणूस पाण्याचा घोटही घेत नाही, मुलगा डोकं-मिशी काढतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मी खर्च वाचवण्यात गुंतलो होतो ना.

शुक्रवारी शेजारच्या काकी पिठलं-भाकरी ठेवून गेल्या. कुणी तांदूळ आणले, कुणी नारळ. मी हरखलो. चहा बंद केल्यापासून लोक उलट घेऊन यायला लागले होते. सरांना फोन लावावासा वाटला.

शनिवारी दुपारी तर ओसरी भरली. शांता मागच्या खोल्यांत चादरी घालत होती. माणसं खाली बघून बसलेली. एकजण म्हणाला, "लई मोठ्या मनाचा माणूस."

"व्हय," मी म्हणालो, "पण खर्च फार होता."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात पुंडलिकची जीप आली. स्टँडवरून पाहुणे आणायचं काम त्याचं. जीपमागं शिक्षकांची मिनीबस. अठराच्या अठरा जण उतरले आणि हात जोडून रांगेत उभे राहिले.

"सामान कुठाय ह्यांचं?" मी विचारलं.

"दुसऱ्या लॉजवर उतरवलंय," पुंडलिक म्हणाला. "सुतकाच्या घरात पाव्हणे कसे आणू? तुमी कायबी काळजी करू नका. आबा गेले म्हणून भेटून जातो म्हणाले, म्हणून आणलंय."

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. तुळतुळीत. मग सगळं एकदम कळलं. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. सगळं गाव सांगतंय, मला एकट्यालाच कळवायचं राहिलं की काय? अक्काला फोन लावला, रेंज नाही. परत लावला, नाही. ती रिकामी खुर्ची समोर, आणि मी तीन दिवस चहापत्ती वाचवत बसलेलो. मला रडू फुटलं. अठरा शिक्षक धीर द्यायला पुढं सरसावले, आणि आवाज ऐकून शांता मागून धावत आली.

आणि फाटकातून आवाज आला, "एवढी माणसं बसलीत आन् च्या कसा न्हाई?"

आबा. काखेत पिशवी, नुकते बसमधून उतरलेले. बसूनं धावत जाऊन पायच धरले. आबांनी माझ्या डोक्याकडं बघितलं नि त्यांचा चेहरा उतरला.

"कोण गेलं रे?"

शेवटी शांता तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"तुमी."

आबा खुर्चीत बसले, जरा विचार केला आणि म्हणाले, "च्या टाक. आन् एकेकानं सांगा, माझ्याबद्दल काय काय म्हणलासा?"

तीन दिवसांत वाचलेली साखर त्या एका संध्याकाळी संपली. शिक्षक तीन-तीन कप प्यायले, पण राहिले दुसरीकडंच, पैसे भरून झाले होते. छप्पर गळकंच राहणार म्हणून मी डोक्याला हात लावून बसलो. आबांनी कारण विचारलं आणि ओसरीवरच्या माणसांना तिथल्या तिथं छपराचं सांगितलं. रविवारी सकाळी दहा-बारा जण छपरावर चढले, कौलं शाकारून दिली आणि जाताना तेवढा चहा मागितला.

भिंतीवरची यादी मी पुसणार होतो. शांतानं पुसू दिली नाही. फक्त पाचवं नाव खोडून तिथं दुसरं लिहिलं, ठसठशीत अक्षरात. हल्ली पाहुणे ओसरीवर बसून वाचतात: पाऊस, धरणाचं पाणी, करंट, माकडं, महादेव. मग विचारतात, हा महादेव कोण? तेव्हा किटली घेऊन मीच बाहेर येतो.