सोलापुरात न पाहिलेला सिनेमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ विसरल्याचंसुद्धा आधीच सांगून टाकते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही राबियाला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी सोपं तेवढं कबूल करते. सोलापुरात मी तो सिनेमा पाहिलाच नव्हता.

हसलात ना? हसा. एवढंच असतं तर मीही हसले असते.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मुरूममध्ये तेव्हा थेटर नव्हतं. सिनेमा म्हणजे सोलापूर, आणि सोलापूरला जाऊन सिनेमा बघून आलेली बाई म्हणजे आठ दिवस गल्लीची राणी. दुपारची भांडी घासून झाली की बायका तिच्या ओसरीवर जमायच्या आणि तिनं सिनेमा सांगायचा — गाण्यांसकट, रडण्यासकट. घाईघाईनं सांगितलेला कुणाला चालायचा नाही. नटीच्या लुगड्याचा काठ कुठला होता तेसुद्धा विचारायच्या.

राबिया आमच्या शेजारची. तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान होतं. आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत, कमरेएवढी, आणि लहानपणापासूनचं आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवर कोपरं टेकून झालेलं. मोठी झाल्यावर तिचं बाहेर जाणं बंद झालं. त्या दिवाळीत मी मामाकडं सोलापूरला निघाले तेव्हा तिनं मला बजावून सांगितलं होतं — सगळं नीट बघून ये, काही विसरू नको. तो सिनेमा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. त्यातली गाणी तिला रेडिओवरून पाठ होती.

मामानं मला नेलंच नाही. तरण्या पोरीनं एवढ्या गर्दीत कशाला, म्हणाला. मामेभाऊ मात्र दोनदा बघून आले आणि माझी समजूत काढायला थेटराबाहेर विकतात ती गाण्यांची चोपडी घेऊन आले. पहिल्या पानावर गोष्ट छापलेली. ती गावातली, तो शिकलेला. तो परत येईन म्हणून शहरात जातो. तिला दुसरं स्थळ येतं. आणि मग ती ओळ, जी त्या चोपड्यांत नेहमीच असायची — पुढं काय होतं ते पडद्यावरच पाहा!

मामेभावांना विचारता आलं असतं. पण मी रुसले होते, आणि माझा रुसवा म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा.

गावी परतले. रिकाम्या हातानं कशी जाऊ भिंतीपाशी? मी सांगितला सिनेमा. नटीला हिरवं लुगडं नेसवलं, तिच्या घरापुढं चिंचेचं झाड लावलं. राबिया हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. चोपडीतली गोष्ट संपली तिथं मी क्षणभर थांबले, आणि तिनं विचारलं, “मग? आला का न्हाय तो?”

आता इथं मला हळू बोलू द्या. राबियाच्या खालेचा, म्हणजे मावशीचा, मुलगा करीम घड्याळं दुरुस्त करायला हैदराबादेला गेला होता. जाताना तो तिला काय म्हणाला, ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आणि त्याच आठवड्यात तिला नळदुर्गचं स्थळ आलं होतं. चांगलं स्थळ होतं.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी म्हणाले — आला! तिनं वाट बघितली ना, म्हणून आला. थेटरात सगळे रडले, असंही वर जोडून दिलं.

तिनं नळदुर्गला नकार दिला. सिनेमावरून कुणी लग्न मोडतं का? मीही स्वतःला हेच विचारत आले. पण तिची अम्मी आमच्या आईकडं रडायला आली, पोरीच्या डोक्यात काय शिरलंय कळत नाही म्हणाली, तेव्हा मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मी मान वर केली नाही. मी तो सिनेमा पाहिलेला नाही — एवढं एकच वाक्य भिंतीपाशी जाऊन बोलायचं होतं. लाज वाटली. खोटं पकडलं जाईल याची लाज, दुसरं काही नाही.

करीम आला नाही. त्यानं तिकडंच निकाह केल्याचा निरोप आला. पुढं राबियाला उमरग्याला दिली, एका बिजवराला. त्याची एक लहान मुलगी होती, शाहिदा.

तुम्हाला विचित्र वाटेल, पण इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त काय छळलं असेल, तर तो शेवट. खरा शेवट काय होता? कुणी त्या सिनेमाचं नाव काढलं की माझे कान टवकारायचे आणि पाय मात्र मला तिथून उठवायचे. विचारणार कशी? मी तर पाहिलेला होता!

आणि मग, दहा-बारा वर्षांनी, तो सिनेमाच मुरूमला आला. बाजाराच्या मैदानात तंबू लागला. राबिया ईदला माहेरी आलेली, शाहिदाला घेऊन. तिनंच मला ओढत नेलं. बायका एका अंगाला, गडी एका अंगाला, मधे कनात. जुनी रीळ सारखी तुटायची आणि पलीकडून शिट्ट्या यायच्या. नटीच्या दारात चिंच नव्हती, विहीर होती. भीती होतीच — पण खरं सांगू? भीतीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

तो परत आला. टांग्यातून उतरला. ती दारात उभी, कडेवर मूल. तिचं लग्न झालेलं होतं. तिनं वाट पाहिलीच नव्हती! त्याला पाणी दिलं, स्टेशनची वाट दाखवली, आणि आत जाऊन पीठ मळायला बसली. चेहऱ्यावर थोडं रडू, पुष्कळसं सुख. सिनेमा तिच्यावर रागावलेला नव्हता. मला तो शेवट फार आवडला. राबियाच्या शेजारी बसून तो मला आवडला, हेही कबूल करते.

दिवे लागले. मी तिच्याकडं बघितलं नाही. आता ती विचारणार, आणि आता मी सांगणार, असं मी खरंच ठरवलं होतं.

“कापलं की गं मुडद्यानं!” राबिया म्हणाली. “ती थांबती, मग तो येतो, ते सगळंच गाळलं. तंबूवाले असंच करत्यात. तू सोलापुरात पुरा बघितलास म्हणून बरं.”

तोंड उघडलं मी. आणि म्हणाले, “व्हय. कापलंच असंल.”

परत येताना त्या दोघी माझ्यापुढं चालत होत्या. शाहिदा आता लग्नाच्या वयाची झाली होती. राबिया तिला गाळलेला भाग सांगत होती — हिरवं लुगडं, चिंचेचं झाड, माझा शब्द न् शब्द, माझ्यापेक्षा किती तरी गोड करून.

“मग?” पोरीनं विचारलं. “आला का न्हाय तो?”

“आला की,” राबिया म्हणाली.

मी मागं होते. सगळं ऐकू येत होतं.